दोन मिनिटांची आघाडी

ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात भारत युगोस्लाव्हियाच्या पुढे होता. एक-शून्य. तारीख ४ डिसेंबर १९५६, गाव मेलबर्न, मिनिट बावन्नावं. चौपन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला ते पुढे गेले आणि सामना ४-१ असा संपला. म्हणजे आपली आघाडी टिकली दोन मिनिटं. गॅसवर ठेवलेला चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पण ती दोन मिनिटं नीट समजून घ्यायची तर चार वर्षं मागे जावं लागेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते, तेही फिनलंडच्या थंडीत. त्यानंतर भारतात बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी तोच प्रतिस्पर्धी समोर, पायात बूट आणि स्कोअरबोर्डवर आपण पुढे.

तो गोल नेव्हिल डिसोझाचा होता. मुंबईचा पोरगा, वय २४.

तीन दिवस आधी, १ डिसेंबरला, त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. नवव्या मिनिटाला कर्णधार बद्रू बॅनर्जीचा फटका गोलखांबाला लागून परत आला, नेव्हिलने त्यावर डोकं घातलं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीच्या क्रॉसवर नेव्हिलचा दुसरा. मॉरोनेही दुसरा मारला. मध्यंतर २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा आणि शेवटी किट्टूचा चौथा. ४-२. ऑस्ट्रेलियावाल्यांना वाटलं असेल की हा तुक्का होता, तर ती शंकाही फार दिवस राहिली नाही. ऑलिंपिक संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत दोन्ही संघ पुन्हा भिडले आणि भारताने ७-१ ने सामना घेतला.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी मला सांगेलच. त्या वर्षी स्पर्धेत फक्त अकरा संघ खेळले. आपली पहिली लढत हंगेरीशी ठरली होती, पण नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. म्हणजे एकच सामना जिंकून भारत उपांत्य फेरीत पोचला. 'आशियाचे ब्राझील' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात, ते वाचताना हे डोक्यात असू द्यावं. पण तो एक सामना तर जिंकावाच लागला ना. आणि स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत चार-चार गोलांसह तीन नावं होती: बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि भारताचा डिसोझा.

मी हे सगळं का शोधत बसलो, ते सांगतो. मी नवापूरचा. पुण्यात कोडिंग करतो. आमच्या कंपनीत दर हिवाळ्यात पाच-पाच जणांची फुटबॉल स्पर्धा असते. भाड्याचा टर्फ, हिरवी प्लास्टिकची गवतपाती, रात्री दहा ते बाराचा स्लॉट. मी राखीव गोलकीपर आहे, यावरून काय ते समजा. माझा एक शाळेतला मित्र मात्र खरोखर खेळायचा. नवापूरजवळच्या पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला. डावा पाय असा की चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा वाटायचा. त्याने दोनदा पोलीस भरतीला धाव मारली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. आता पोल्ट्रीची गाडी चालवतो. आमच्याकडे पोल्ट्री म्हणजे सगळं. देशाला नवापूर कळलं तेच मुळी २००६ च्या बर्ड फ्लूमुळे.

त्याला मी नेव्हिलच्या हॅट्‌ट्रिकची गोष्ट फोनवर सांगितली. एवढी मोठी गोष्ट ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला.

"नोकरी कुठे होती त्याला?"

मला आधी वाटलं, काय माणूस आहे. मग लक्षात आलं की संपूर्ण गोष्टीतला कळीचा प्रश्न हाच आहे.

नोकरी होती. त्या काळी मुंबईचं फुटबॉल नोकरीवरच उभं होतं. क्लब म्हणजे कंपनी. नेव्हिल आधी टाटांच्या संघातून खेळला, नंतर कॅलटेक्सकडून. कॅलटेक्स म्हणजे पेट्रोल-तेलवाली अमेरिकन कंपनी. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना परवानगी होती, खेळण्याचे पैसे घेतले की बाद. म्हणून मधला मार्ग असा: कंपनी खेळाडूला नोकरीवर ठेवणार, पगार कामाचा, आणि संध्याकाळी तो कंपनीच्या जर्सीत मैदानावर. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेत होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. अजय देवगणच्या 'मैदान'मधले रहीमसाहेब ते हेच.

मुंबईत हार्वुड लीग १९०२ पासून चालू होती. रोव्हर्स कप तर १८९१ पासून. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचा मामला, पुढे गिरण्या, बँका, तेल कंपन्या, पोलीस, रेल्वे यांचे संघ. सामने कूपरेजवर व्हायचे, मंत्रालयापासून चालत पाच-सात मिनिटांवर. धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर काम करणारे, नोकरी शोधायला आलेले गोंयकार तिथे गावकीच्या खर्चाने राहायचे. या वस्त्यांमधून शहराला बँडवाले मिळाले, स्वयंपाकी मिळाले आणि फुटबॉलपटूही. मुंबईने १९५४-५५ मध्ये पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघात नेव्हिल होता. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स कप जिंकला, त्यातही तो होता. मेलबर्नच्या संघातले एस. एस. नारायण, माटुंग्यात वाढलेले गोलकीपर, तेही कॅलटेक्सचेच. नेव्हिलचा भाऊ डेरेकही भारताकडून खेळला.

आता थोडं नकाशाबद्दल. नवापूरच्या माणसाला सीमेचा विषय निघाला की गप्प बसवत नाही. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध दोन्ही राज्यांची हद्द. लोक एक बूड इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. चार भाषांत घोषणा होतात. त्या बाकाचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील.

पण नेव्हिल मेलबर्नमध्ये गोल मारत होता तेव्हा ही हद्द नव्हती. बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, द्वैभाषिक मुंबई राज्य जन्माला आलं होतं. कच्छपासून विदर्भापर्यंत एकच राज्य. नवापूर पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं, रुळापलीकडचा भाग सुरत जिल्ह्यात, आणि दोन्ही मुंबई राज्यात. सीमा आली ती १ मे १९६० ला. म्हणजे नेव्हिल ज्या मुंबईचा खेळाडू होता, त्या मुंबई राज्यात आमच्या स्टेशनची दोन्ही टोकं होती.

त्याच्या स्वतःच्या घराची गोष्ट बरोबर उलटी. डिसोझा कुटुंब मूळचं बार्देशातल्या आसगावचं. आज आसगाव म्हणजे महागडे कॅफे आणि व्हिला. १९५६ मध्ये मात्र ते पोर्तुगालच्या ताब्यात होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली होती. त्यामुळे छातीवर भारताचं नाव लावून ऑलिंपिक गाजवणाऱ्या या पोराचं मूळ गाव कायद्याने परदेशात होतं, आणि तेही अशा परदेशात जिथे जायचा रस्ता बंद. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. तोवर मेलबर्नला पाच वर्षं झाली होती.

मेलबर्नची बातमी मुंबईत कशी पोचली असेल, याचा मी बराच विचार केला. शहर त्या वर्षी धुमसत होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. फ्लोरा फाउंटनपासून कूपरेज फार लांब नाही. ६ डिसेंबरला भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून हॉकीचं सुवर्ण जिंकलं. आणि त्याच दिवशी पहाटे दिल्लीत बाबासाहेब गेले.

७ डिसेंबरला ब्राँझपदकासाठी भारत-बल्गेरिया सामना होता. भारत ३-० ने हरला. त्याच ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला, लाखो माणसं मुंबईच्या रस्त्यांवर होती. त्या दिवशी ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो की पाचवे, हे विचारायला शहरात कोण मोकळं होतं? मुंबई त्या संघाला विसरली असं आपण सहज म्हणतो. मला वाटतं, मुंबईला ते मुळात नीट ऐकूच आलं नसावं. चौथ्या नंबरला पदक नसतं, विमानतळावर दाखवायला काही नसतं, आणि हॉकीचं सोनं घरात असताना फुटबॉलच्या चौथ्या जागेची मिरवणूक कोण काढणार!

पुढची वर्षं पटापट सांगता येतात, आणि माझी खरी अडचण तीच आहे. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जींना. पुढे बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, अरुण घोष, युसूफ खान, थंगराज. यातले पी. के., बलराम आणि थंगराज तिघेही मेलबर्नला होते. चार गोल मारणाऱ्याचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. पद्मही नाही. पुरस्कार चालू होताना नेव्हिल एकोणतिशीला टेकत होता. स्ट्रायकरचं तारुण्य आणि पुरस्काराचा जन्म यांची गाठ पडली नाही, एवढं म्हणून सोडूनही देता येईल. पण यादी मागच्या वर्षांसाठी उघडता आली असती. सरकारी फायली उघडायच्या म्हटलं की उघडतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

१७ मार्च १९८० रोजी मुंबईत त्याचं निधन झालं. वय ४७.

सत्तेचाळीस म्हणजे आजच्या हिशेबात टीव्हीवर बसून सामन्याचं विश्लेषण करायचं वय. एखाद्या अकादमीत पोरांवर ओरडायचं वय. पी. के. बॅनर्जी २०२० पर्यंत होते, बद्रू बॅनर्जी २०२२ पर्यंत, बलराम २०२३ पर्यंत. ते मुलाखती द्यायचे, आठवणी सांगायचे, एकमेकांच्या आठवणी दुरुस्तही करायचे. मेलबर्नचा जो इतिहास आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः कोलकाता आणि हैदराबादच्या तोंडून आला. जे जगले त्यांनी तो सांगितला. ज्याने गोल मारले तो सांगायला नव्हता. रंगीत टीव्ही भारतात १९८२ ला आला, त्याच्या दोन वर्षं आधीच तो गेला.

त्याच्याबरोबर यादीत असलेल्या टोडोर वेसेलिनोविचचं काय झालं? तो नंतर इटलीत व्यावसायिक फुटबॉल खेळला. मग प्रशिक्षक झाला. युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाताखाली युरो १९८४ खेळला. १९८८-८९ मध्ये त्याच्या फेनरबाचेने तुर्की लीग जिंकताना एका मोसमात १०३ गोल केले. २०१७ मध्ये, शहाऐंशी वर्षांचा होऊन तो गेला. दोघांचे गोल सारखे, दोघे एकाच मैदानावर, एकाच सामन्यात. एकासाठी ऑलिंपिक ही कारकिर्दीतली एक पायरी ठरली. दुसऱ्यासाठी तोच गच्चीचा कठडा होता, त्याच्यापुढे जिना नव्हता.

पण युरोपशी तुलना मला थोडी सोपी वाटते. तिथे व्यावसायिक लीग होत्या, पैसा होता, आपल्याकडे नव्हता, विषय संपला. खरी टोचणारी तुलना जपानशी आहे.

कुनिशिगे कामामोतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने नायजेरियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, स्पर्धेत सात गोल मारून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि ब्राँझच्या सामन्यात यजमान मेक्सिकोला दोन गोल मारून जपानला पदक मिळवून दिलं. तोही कंपनीचा नोकरदार होता! यानमार, ओसाकाची डिझेल इंजिनं बनवणारी कंपनी. म्हणजे नेव्हिलच्या कॅलटेक्ससारखंच प्रकरण: दिवसा कर्मचारी, संध्याकाळी स्ट्रायकर.

फरक पुढच्या पायरीला पडला. जपानने १९६५ मध्ये कंपन्यांच्या संघांना एकत्र आणून देशभराची लीग सुरू केली. १९९३ मध्ये ती व्यावसायिक जे-लीग झाली, कंपन्यांच्या संघांना शहरांची नावं मिळाली. यानमारचा संघ आज सेरेझो ओसाका आहे. कामामोतो पुढे प्रशिक्षक झाला, जपानच्या फुटबॉल संघटनेचा उपाध्यक्ष झाला, १९९५ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहातही निवडून गेला.

आणि कॅलटेक्स? १९७६ च्या शेवटी सरकारने तिचा भारतातला कारभार ताब्यात घेतला, १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स कप जिंकणारं नाव पंपांच्या पाटीवरूनही पुसलं गेलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्याबरोबर गिरण्यांच्या संघांचा जमानाही गेला. रोव्हर्स कप २००० च्या सुमारास थांबला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. आपल्याकडेही कंपन्यांचे संघ होते, राष्ट्रीय लीग मात्र १९९६ मध्ये आली, म्हणजे जपानच्या कंपनी-लीगनंतर एकतीस वर्षांनी. तोपर्यंत जोडायला मुंबईत फारसे धागे उरले नव्हते. आमच्या भाषेत सांगायचं तर जपानने जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये आणला. आपण जुना सर्व्हर बंद केला आणि बॅकअप घेतलाच नाही.

हे सगळं मी मित्राला पुन्हा फोनवर ऐकवलं. तो तेव्हा सोनगडच्या बाजूला कुठेतरी गाडी लावून थांबला होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट. कामामोतोच्या खासदारकीत त्याला काडीचा रस नव्हता. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "अरे, पण नेव्हिलला खेळायचा पगार होता ना. मला तेवढंच पाहिजे होतं. एवढं मोठं नाव कोणी मागितलं?"

यावर मी लगेच काही बोललो नाही. मी नेव्हिलच्या गोष्टीकडे हरवलेल्या गौरवाची गोष्ट म्हणून बघत होतो: पुरस्कार नाही, पुतळा नाही, कोणाला नाव माहीत नाही. माझ्या मित्राला त्यात एक अशी व्यवस्था दिसली ज्यात चोवीस वर्षांच्या पोराला चेंडू चांगला मारता येतो म्हणून टेबल-खुर्ची मिळायची, महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे, आणि दुपारनंतर सरावाला सुटी असायची. रेल्वे, पोलीस आणि काही सरकारी कंपन्यांत क्रीडा कोटा आजही आहे. पण त्या कोट्यापर्यंत जायचं तर राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी जिल्ह्याच्या संघात निवड लागते, निवड चाचणीला जायला गाडीभाडं लागतं, आणि चाचणी आहे हे आधी कळावं लागतं. माझ्या मित्राला एकदा ती झाल्यावर चार दिवसांनी कळलं होतं. नेव्हिलचं नशीब एवढंच की तो कूपरेजच्या शहरात जन्मला. तिथे संघ निवडणारा माणूस रविवारी मैदानावर येऊन बसायचा.

म्हणून मी आता नेव्हिल विस्मृतीत गेला असं म्हणताना जरा थांबतो. त्याचं नाव विसरलं गेलं हे खरं, वाईटही आहे. पण नावाआधी ती टेबल-खुर्ची गेली.

तसं त्याचं नाव अगदीच पुसलेलं नाही. वांद्र्यात, रेक्लमेशनच्या बाजूला, मुंबईच्या फुटबॉल संघटनेचं एक मैदान आहे. कृत्रिम गवत, फ्लडलाइट. मुंबईच्या लीगचे सामने तिथे होतात, लहान पोरांचेही. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा फुटबॉल टर्फ. वेळापत्रकात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पोरं ते नाव रोज घेतात. "नेव्हिलला साडेपाचला" असं म्हणून मोकळी होतात.

मित्राला त्या मैदानाचा फोटो पाठवला. त्याने उत्तरात विचारलं, तिथे एन्ट्रीला पैसे लागतात का.